तीन रविवार, मोठ्या मिस्सेला

माणूस किती वर्षांपर्यंत वाढतो असं मला कोणी विचारलं तर मी सांगेन, शहात्तर. उंची माझी तेविसाव्या वर्षीच थांबली होती, कारण पावाच्या भट्टीच्या दाराला डोकं आपटायचं ते तेव्हापासून एकाच जागी आपटायचं. पण अक्कल मागे राहिली होती. ती आली लॉकडाऊनमध्ये, वेंटवर्थव्हिलच्या आमच्या परसात, कपडे वाळत घालायच्या गोल फिरत्या दांडीखाली. म्हणून वसईच्या दिवसांविषयी लिहिता लिहिता हे सिडनीचं प्रकरण मध्येच घालतोय. कोणाला ते चुकीच्या जागी वाटलं तर वाटू दे.

फिलू जाऊन तेव्हा अकरा महिने होत आले होते. फिलू म्हणजे माझी बायको, फिलोमिना. तिच्या मातीला दहाच माणसं चालतील म्हणाले, म्हणून दहाच होतो, तीही एकमेकांपासून इतकी लांब उभी की जणू भांडण झालंय. मुलगा विल्सन तिकडे दुसऱ्या राज्यात, मॉसन लेक्सला, युनिव्हर्सिटीत शिकवतो. राज्यांच्या सीमा बंद, त्याने आईची माती फोनवर बघितली. त्यानंतर रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा, "पप्पा, जेवलात का?" मी म्हणायचो, जेवलो. मागून नातू ओरडायचा, "हाय आजोबा, कान्ट टॉक, गॉट अ क्लास!" की झालं. मग घरात फ्रिजचा आवाज, वरून पोलिसांच्या हेलिकॉप्टरचा आवाज आणि पहाटे पाच वाजता माझा रेडिओ. फिलूला ऐकू कमी यायचं, तिच्यासाठी तो मोठ्याने लावायची सवय होती. ती गेल्यावर आवाज कमी करायला हवा होता. केला नाही.

परसात एक छोटं घर आहे. त्याला इथे ग्रॅनी फ्लॅट म्हणतात, आत ग्रॅनी असो वा नसो. त्यात तेंदाई राहायची. झिम्बाब्वेची, वय एकोणचाळीस, म्हाताऱ्यांच्या आश्रमात नर्स. काळी. सावळी-बिवळी नाही, काळी, आणि ती स्वतः तसंच म्हणायची, मान वर करून. ती बोलायची इंग्रजी, मी बोलायचो भट्टीतून निघालेलं अर्धकच्चं इंग्रजी. इथे मी दोघांचंही मराठी केलंय. फिलूची आणि तिची मैत्री झाली सुक्या मासळीवरून. फिलूने बाजारातून बोंबील आणून तळले, तर शेजारच्या कुलवंतभाभींनी कुंपणावरून विचारलं, "आंटीजी, कुछ मर गया क्या?" फिलू ओशाळली. तेवढ्यात मागच्या दारातून तेंदाई आली ती नाकाने वास घेत घेत आणि म्हणाली, "हा वास माझ्या आईच्या घराचा आहे." त्यांच्याकडे बोटाएवढी सुकी मासळी असते, टोमॅटो-कांद्यात शिजवतात आणि मक्याच्या घट्ट उकडीबरोबर खातात. त्या उकडीला सादझा म्हणतात. त्या दिवसापासून त्या दोघी एकमेकींच्या पातेल्यात डोकावायला लागल्या.

त्यांच्यात एक रीत आहे. मुलीच्या आयुष्यात कोणी पुरुष आला की तो आधी आईबापासमोर जात नाही, आत्यासमोर जातो. आत्या म्हणजे तेते. तेते त्याला उलटा-सुलटा करून बघते, मग पुढचं. तेंदाईची तेते राहिली तिकडे मुतारे गावी, म्हणून तिने फिलूला तेते केलं होतं. फिलूने त्या पदावरून दोघांना घालवलं. एकाने चहा पिऊन कप टेबलावरच सोडला म्हणून आणि दुसऱ्याने तिच्या हातचा फुगा अर्धा टाकला म्हणून. फुगा म्हणजे आमच्याकडचा गोल फुगलेला तळलेला पाव, तो अर्धा टाकणाऱ्याला मीही मुलगी दिली नसती. फिलू गेल्यावर महिन्याभराने तेंदाई मला म्हणाली, "सेकुरु, आता तेते तुम्ही." सेकुरु म्हणजे त्यांच्यात मामा-आजोबा असं काहीतरी. मी म्हटलं, "बाय, मला मिशा आहेत." ती म्हणाली, "माझ्या खऱ्या तेतेलाही आहेत."

असा मी, चौथी पास, शहात्तर वर्षांचा भट्टीवाला, एका आफ्रिकन बाईची आत्या झालो.

कामाचा भार मात्र नव्हता, कारण पुरुष यायचे ते फोनवर आणि जायचे तेही फोनवर. ती दांडीवर युनिफॉर्म वाळत घालायची आणि मला मेसेज वाचून दाखवायची. एकाने लिहिलं होतं, "काळ्या बाईबरोबर मी अजून कधी गेलो नाही, बघायचंय कसं वाटतं." मी विचारलं, "हा बाई शोधतोय की सहलीची जागा?" दुसऱ्याने कौतुक केलं होतं की काळी असूनही तू सुंदर आहेस. तिसरा चार दिवस गोड बोलला आणि पाचव्या दिवशी विचारलं की तुझे केस खरे का. तिच्याच देशाचा एक भला माणूस होता, पण त्याला पंचविशीतली हवी होती, तो स्वतः पन्नाशीचा. ती हसत हसत वाचायची. चिमटे मात्र कपड्यांना असे लावायची की कापडाला वळ उठावा.

तिच्या फ्रिजवर एक कागद होता, कसा पुरुष हवा त्याचा. फिलूने मला तो वाचून दाखवला होता. स्वतःचं ताट धुणारा. आईशी नीट बोलणारा, पण आईला विचारून श्वास न घेणारा. न विचारता केसांना हात न लावणारा. अशा बऱ्याच अटी, आणि सगळ्यात खाली जाड पेनाने लिहिलेली: माझं नाव चारचौघांत घेणारा. मी तेव्हा फिलूला म्हटलं होतं, "एवढ्या अटींत तर सेंट जोसेफही नापास होईल." फिलू माझ्याकडे बघून म्हणाली, "तू एका अटीत नापास झाला होतास, इन्या." आणि बोंबील उलटायला गेली.

मग सरकारने नियम काढला. घरात कोणी येऊ नये, पण जो एकटा राहतो त्याने एका माणसाचं नाव द्यावं. तेवढा एक माणूस त्याच्या घरी येऊन बसू शकेल. पाच किलोमीटरच्या आतला. फोनवर फॉर्म भरायचा, आणि एकदा नाव दिलं की बदलायचं नाही. मी एकटा, तेंदाई एकटी. आम्ही परसात दांडीच्या दोन बाजूंना बसायचो, पण तिच्या उंबऱ्यात माझा पाय नाही आणि माझ्या उंबऱ्यात तिचा नाही. ती आश्रमात म्हाताऱ्यांना हात लावायची, म्हणून माझ्या बाबतीत जास्तच कडक.

तेव्हा तिचं ग्लेनशी बोलणं चालू होतं. ग्लेन ब्लॅकटाउनच्या बाजूचा गोरा, हार्डवेअरच्या दुकानात कामाला, आई आणि बहिणीबरोबर राहायचा. चार महिने रोज फोन. व्यायामाला बाहेर पडायची परवानगी होती, तर दोघं कॉफी घेऊन बागेला फेऱ्या मारायची. तो तिला हसवायचा. तिची नाईट शिफ्ट संपली की सकाळी त्याचा मेसेज आलेला असायचा. मला वाटलं, आत्याचं काम झालं.

पण फॉर्म भरायचा म्हटल्यावर ग्लेन म्हणाला, "नाव-बिव कशाला टाकायचं? मी मागच्या गल्लीने येत जाईन, नो वरीज." नाव टाकलं की घरी सांगावं लागेल, आणि आई जुन्या विचारांची आहे. तेंदाईने हे मला दांडीपाशी सांगितलं. म्हणाली, "सेकुरु, नाव एकच देता येतं. देऊ का त्याचं?"

आणि मी जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो, कारण इथे गोड करण्यात अर्थ नाही. मी म्हटलं, "बाय, तुझं वय बघ, रंग बघ. एवढ्या अटी तुला झेपणाऱ्या नाहीत. मागच्या गल्लीने का होईना, येतोय ना? येऊ दे."

तिने ओला युनिफॉर्म तसाच बादलीत टाकला, बादली उचलली आणि आत गेली. दार आपटलंही नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

चार दिवस दांडी रिकामी. वारा आला की ती उगाच गरगर फिरायची आणि करकरायची. कुलवंतभाभींनी कुंपणावरून विचारलं, "अंकलजी, नर्स बेटी बीमार है क्या?" मी म्हटलं, नहीं. पाचव्या दिवशी मी बोंबील भाजले, टोमॅटो-कांद्यात तिच्या पद्धतीने टाकले, ताटली तिच्या पायरीवर ठेवली आणि मागे येऊन माझ्या खुर्चीत बसलो. बऱ्याच वेळाने दार उघडलं. ती पायरीवर बसली आणि खायला लागली. माझ्याकडे बघत नव्हती. म्हणाली, "मीठ जास्त झालंय." म्हटलं, "तेतेचं काम मला जमत नाही, ऐक." आणि जे मी कोणाला सांगितलं नव्हतं, कन्फेशनमध्ये फादरपुढेही नाही, ते तिला सांगितलं. तेच आता तुम्हाला सांगतो.

वसईला नाताळच्या आधी घराघरातले केक आमच्या भट्टीत भाजायला यायचे. बायका डोक्यावर पत्र्याचे डबे घेऊन रांगेत. कोणाचा डबा कोणता हे कळावं म्हणून कोणी दोरा बांधायची, कोणी कागदावर नाव. फिलूच्या डब्यावर खिळ्याने कोरलेलं असायचं, फिलोमिना, पूर्ण, मोठ्या अक्षरात. तिला भट्टीचा भरवसा नव्हता. डबा आत गेला की ती दारातच उभी राहायची, घामाघूम, लोण्याचा आणि वेलदोड्याचा वास सगळीकडे, आणि मला बजावायची, "माझा केक करपला तर तुझं तोंड करपवीन." मी म्हणायचो, "आधीच करपलंय." ती अठ्ठावीस वर्षांची, मी तेवीस. तिचा रंग तव्यासारखा, आणि आमच्या गावात त्या वयाची बिनलग्नाची मुलगी म्हणजे लोक तिच्या आईकडे बघून चुकचुकायचे. तीन स्थळं तिने स्वतः नाकारली होती, हे कोणी मोजत नव्हतं. सगळे म्हणायचे, उरली. मला मात्र ती त्या दारात उभी असली की पाव सरळ निघायचे आणि नसली की एका बाजूने फुटायचे. तिसऱ्या नाताळला मी विचारलं. ती म्हणाली, "विचार करते." आणि केक घेऊन गेली. उत्तर दिलं नव्या वर्षात.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये मिस्सेला, म्हणजे प्रार्थनेला, दोघांची नावं वाचतात. फादर मोठ्याने सांगतात, अमका आणि अमकी लग्न करणार आहेत, कोणाची हरकत असेल तर सांगा. मी घाबरलो. लग्नाला नाही, नावं वाचण्याला. भट्टीतली पोरं मला सोडणार नव्हती. इन्याला भट्टीत राहून राहून करपलेलंच आवडतं, आणि तेही पाच वर्षं शिळं. हे मी आधीच माझ्या कानात ऐकत होतो. म्हणून मी गुपचूप फादरकडे गेलो आणि विचारलं, आमची नावं पहाटेच्या मिस्सेला वाचली तर चालतील का, जिथे चार म्हाताऱ्या येतात आणि त्यातल्या दोघी बहिऱ्या. फादर काही बोलले नाहीत, पण चर्चचा घंटावाला बोलला, आणि दुपारपर्यंत फिलू भट्टीच्या दारात हजर. केक नाही, डबा नाही. पाच-सहा पोरं कणीक तिंबत होती, त्यांच्यासमोर म्हणाली, "इनास, माझं नाव घ्यायची लाज वाटत असेल तर लग्न राहू दे. मी उरलेली नाही, मी थांबलेली आहे, अजूनही थांबेन. तीन रविवार, मोठ्या मिस्सेला. नाहीतर नको." आणि गेली. कणकेवर एकाचाही हात चालेना.

वाचली नावं, मोठ्या मिस्सेला. पण पहिल्या रविवारी मी गेलो नाही. आईला सांगितलं, ताप आलाय. गोधडी घेऊन पडून राहिलो, घामाने भिजलो तेव्हा आई म्हणाली, बघ, उतरतोय. दुसऱ्या रविवारी गेलो आणि खांबामागे उभा राहिलो. तिसऱ्या रविवारी बाकावर बसलो. पोरं हसली का? हसली, दोन दिवस. मग कोणाची तरी गाय विहिरीत पडली आणि लोकांना दुसरा विषय मिळाला. दोन दिवसांसाठी मी तो ताप आणला होता. फिलूने त्या रविवारबद्दल उभ्या जन्मात एकदाही विचारलं नाही. मी एकदाही माफी मागितली नाही. मनात होतं, मागू कधीतरी. बावन्न वर्षं कमी पडली.

तेंदाईने ताटली पुसून खाल्ली. मग म्हणाली, "म्हणून ती म्हणायची, तुम्ही एका अटीत नापास." मी म्हटलं, "तुलाही सांगितलं होतं तिने?" "सगळं. तापासकट." म्हणजे फिलूला ठाऊक होतं, आणि हिलाही ठाऊक होतं, आणि चार दिवस ही दाराआड बसून माझीच वाट बघत होती. "ग्लेनला बोलव," मी म्हटलं. "तेते बोलवतेय म्हणावं."

शनिवारी आर्व्होला, म्हणजे दुपारनंतर, ग्लेन आला. तो बाहेर फुटपाथवर, मी फाटकाच्या आत, तेंदाई बाजूला, सगळ्यांच्या तोंडाला मास्क. माणूस वाईट नव्हता हो. मोठे लाल हात, हसरे डोळे. माझ्यासाठी पाव घेऊन आला होता, दुकानातला, कापलेला. मी पाव दाबून बघितला आणि मनातलं मनात ठेवलं. विचारलं, "ग्लेन, तुझ्या आईला तेंदाई माहीत आहे?"

"अजून नाही, मेट. सांगेन ना."

"कधी?"

"हे सगळं संपलं की. आता घरात सगळे चोवीस तास एकत्र, उगाच वाद. आणि आम्हाला काय फरक पडतो? आम्ही दोघं खूश आहोत."

"बहिणीला?"

तो बुटाने फुटपाथवरचं पान सरकवायला लागला. मी फाटकाला धरून पुढे वाकलो आणि विचारलं, "पोरा, तुलाही ताप आलाय का?"

ग्लेन दचकून दोन पावलं मागे सरला आणि त्याने कपाळाला हात लावला. "नाही! कालच टेस्ट केली, निगेटिव्ह आहे." तेंदाईला हसू फुटलं. ती फाटकाला टेकून इतकी हसली की मास्क खाली आला. त्याला काही कळेना. हसून झाल्यावर तिने डोळे पुसले, आणि ते सगळंच काही हसण्याचं पाणी नव्हतं. अगदी मऊ आवाजात म्हणाली, "ग्लेन, तू चांगला आहेस. पण मी मागच्या गल्लीत राहत नाही." तो मग म्हणाला, "आय'ल कॉल यू." तिने मान हलवली, नको म्हणून. पाव माझ्याकडेच राहिला.

संध्याकाळी तिने दांडीवर चादरी वाळत घातल्या. मी म्हटलं, "वाईट वाटतंय?" म्हणाली, "हो. सकाळी मेसेज येणार नाही, त्याचं वाटतंय. पण लहान झाल्यासारखं नाही वाटत." आज हे लिहितोय तेव्हाही ती एकटीच आहे. मध्ये एक आला होता, त्याला मी पास केला, तिनेच नापास केला. ती म्हणते, सेकुरु, तुमची परीक्षा सोपी झालीय आता. तिची आई मुतारेहून फोनवर माझ्याशी बोलते, मुलीसाठी प्रार्थना करा म्हणते. मी करतो. पण नवरा मिळू दे अशी नाही करत. कशी करतो ते माझं मी बघीन.

तर चादरी घालून झाल्यावर तिने फोन काढला. "सेकुरु, तुमच्या नावाचं स्पेलिंग सांगा."

"कशाला?"

"फॉर्म."

मला कळलं तेव्हा मी उठलोच. म्हटलं, "वेडी आहेस? एकच नाव आहे तुझ्याकडे, बदलता येत नाही. उद्या कोणी खरा भेटला तर? म्हाताऱ्यावर कशाला फुकट घालवतेस?"

"परवा तेतेचं वर्ष आहे," ती म्हणाली. "चर्चला कुलूप. तुम्ही त्या फ्रिजसमोर एकटे बसून रोझरी म्हणणार का? आणि मीही वर्षभर कोणासमोर बसून जेवले नाहीये. स्पेलिंग सांगा."

मी सांगितलं. एकेक अक्षर. तिने टाइप केलं आणि बोट वर धरून थांबली. "तीन वेळा ना?" आणि माझी ती नर्स परसाच्या मधोमध, चादरींच्या मध्ये उभी राहिली आणि फादर वाचतात तसं खणखणीत आवाजात वाचलं, "इनास पास्कू लोपीस. मी, तेंदाई, माझ्या घरी यायला याचं नाव देते. कोणाची हरकत आहे?" मग दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा कुंपणापलीकडून कुलवंतभाभी ओरडल्या, "मुझे है! अंकलजी सुबह पाँच बजे रेडिओ बजाते हैं!"

तेंदाई म्हणाली, "हरकत नोंदवली." आणि बटण दाबलं.

मी तिथेच उभा होतो. स्वतःचं नाव असं मोठ्याने, लोकांना ऐकू जाईल असं, फादर सोडले तर कोणी माझ्यासाठी कधी घेतलं नव्हतं. भट्टीत मी इन्या, इथे अंकल, फॉर्मवर मिस्टर. कानात नाव घुमत होतं आणि तेवढ्यात मला फिलू दिसली. पहिल्या रविवारी, मोठ्या मिस्सेला, पुढच्या बाकावर, नवी साडी नेसून, आपलं नाव ऐकत बसलेली. बाजूला कोणी नाही.

दोन दिवसांनी फिलूचं वर्ष. मी फुगे तळले, तेंदाईने मासळी केली. संध्याकाळी तिच्या दारात जाऊन उभा राहिलो, हातात फुग्यांचा डबा, त्यावर खिळ्याने कोरलेलं नाव. आत टेबलावर तीन ताटं मांडलेली होती. आश्रमाच्या सवयीने तिने दारातच विचारलं, "ताप नाही ना, सेकुरु?"

"नाही," म्हटलं, आणि चपला बाहेर काढल्या.